उपमेची तीन नावे

मुंबईहून नाशिककडे जाणाऱ्या महामार्गावर भिवंडी मागे पडली की शहापूरच्या अलीकडे पडघा लागते. भातशेतीचा हा मुलूख गेल्या काही दशकांत गोदामांचा मुलूख झाला आहे. समृद्धी महामार्गाचा भिवंडी तालुक्यातील आमणे येथपर्यंतचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि नागपूरपासून निघालेला रस्ता या परिसराच्या दाराशी येऊन थांबला. या पट्ट्यात आगरी, कुणबी, कोकणी मुसलमान, वारली, कातकरी असे अनेक समाज शेजारी नांदतात. घरची बोली एक, शाळेची मराठी वा उर्दू दुसरी आणि परीक्षेची इंग्रजी तिसरी, अशी येथील अनेक मुलांची स्थिती आहे.

अकरावी-बारावीच्या इंग्रजीच्या तासाला या मुलांपुढे सिमिली, मेटॅफर, अलिटरेशन, आयरनी अशी नावे येतात. मराठीच्या तासाला तीच मुले उपमा, रूपक, अनुप्रास यांच्या व्याख्या पाठ करून आलेली असतात. उर्दू माध्यमातून शिकलेल्यांनी तश्बीह आणि इस्तिआरा हे शब्द ऐकलेले असतात. उपमा, सिमिली आणि तश्बीह ही एकाच व्यापाराची तीन नावे आहेत, हे मात्र त्यांना क्वचितच कोणी सांगतो. इंग्रजीतील संज्ञा ही इंग्रजांची मालमत्ता, आपण ती केवळ परीक्षेपुरती उसनी आणायची, असा समज त्यामुळे दृढ होतो. आमच्या मते हा समज चुकीचा आहे. ही परिभाषा मुळात परकी नाही. ती परकी करण्यात आली, आणि तिला तसे करण्याचा एक इतिहास आहे. तो इतिहास आपण समजून घेतला पाहिजे, कारण त्यात या मुलांचे बरेच काही गुंतलेले आहे.

जमिनीच्या दाव्यातून

वक्तृत्वशास्त्राचा जन्म काव्याच्या दरबारात झाला नाही. ग्रीक परंपरा असे सांगते की, ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात सिसिली बेटावरील सिराक्यूस नगरात जुलमी राजवट कोसळली, तेव्हा हिरावून घेतलेल्या जमिनी परत मिळविण्यासाठी लोकांनी दावे लावले. प्रत्येकाला आपली बाजू स्वतःच मांडावी लागे. ती कशी मांडावी हे शिकविणारे पहिले शिक्षक म्हणून कोरॅक्स आणि टिसियास यांची नावे घेतली जातात. म्हणजे ज्या विद्येला आज आपण परीक्षेतील दोन गुणांचा प्रश्न समजतो, ती आरंभी जमीन गेलेल्या माणसाची विद्या होती.

पुढे ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने तिला शास्त्राचे रूप दिले. श्रोत्याला पटवून देण्याची तीन साधने त्याने सांगितली: बोलणाऱ्याचे चारित्र्य, ऐकणाऱ्याच्या भावना आणि मांडलेला युक्तिवाद. रोमन पंडितांनी भाषणाची पाच अंगे निश्चित केली. काय सांगावे याचा शोध, मांडणी, शैली, स्मरण आणि उच्चारण ही ती पाच अंगे होत. उपमा, रूपक आदी अलंकार तिसऱ्या अंगाचा एक भाग होते. ते सारे शास्त्र नव्हते.

ख्रिस्ती परंपरेत या विद्येचा सर्वांत मोठा वारसदार म्हणजे संत ऑगस्टीन. धर्मांतरापूर्वी ते कार्थेज, रोम आणि मिलान येथे वक्तृत्वशास्त्राचे अध्यापक होते. मिलानमध्ये बिशप अँब्रोझ यांची प्रवचने ऐकायला ते प्रथम गेले ते शैली पाहण्यासाठी. शैलीबरोबर आशयही आत शिरला, असे त्यांनीच नमूद केले आहे. इ. स. ३८७ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अध्यापकाची वृत्ती सोडली, तरी विद्या त्यांनी टाकून दिली नाही. ख्रिस्ती शिकवणुकीवरील आपल्या ग्रंथाच्या चौथ्या भागात त्यांनी असा विचार मांडला की, असत्य बोलणारे वाक्चातुर्याने सज्ज असताना सत्य सांगणाऱ्यांनी निःशस्त्र राहावे हे योग्य नव्हे.

येथे दोन शब्दांच्या मूळ अर्थाकडे लक्ष वेधावेसे वाटते. लॅटिनमधील ज्या धातूपासून इंग्रजीत दागिना या अर्थाचा शब्द आला, त्याचा अर्थ गलबत वा सैन्य सज्ज करणे असाही होता. आपल्या अलंकार शब्दातील ‘अलम्’ म्हणजे पुरेसे; अलंकार करणे म्हणजे एखादी गोष्ट तिच्या कार्यासाठी पुरेशी करणे. दोन्हीकडे सजावटीच्या आधी सज्जता आहे. हा अर्थ हरवला आणि केवळ दागिना उरला, हीच पुढील इतिहासाची व्यथा आहे.

फादर स्टीफन्स यांचे उदाहरण

येशूसंघाने १५४८ साली सिसिलीतच, मेसिना येथे, आपली पहिली महत्त्वाची शाळा काढली. त्यांच्या शिक्षणक्रमाचा अंतिम आराखडा १५९९ साली सिद्ध झाला. व्याकरण, साहित्य आणि सर्वांत वरचा वर्ग वक्तृत्वशास्त्राचा, अशी त्यात चढती रचना होती. या काळात इंग्लंडमधील शाळांतही हेच शास्त्र शिकविले जाई. इरॅस्मसने भाषासमृद्धीवर लिहिलेल्या पाठ्यपुस्तकात ‘तुमच्या पत्राने मला आनंद झाला’ अशा अर्थाचे एकच वाक्य दीडशेच्या आसपास प्रकारांनी फिरवून दाखविले आहे. मुलांनी ते वाचावे एवढाच हेतू नव्हता. त्यांनी स्वतः तसे करून पाहावे, हा होता.

विंचेस्टर येथील शाळेत शिकलेला आणि रोममध्ये येशूसंघात प्रविष्ट झालेला एक तरुण इंग्रज १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरला. ते फादर थॉमस स्टीफन्स. पुढील चाळीस वर्षे, १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, ते गोव्यातच राहिले. येथील भाषेचे व्याकरण त्यांनी पोर्तुगीजमध्ये लिहिले; ते त्यांच्या पश्चात १६४० मध्ये छापले गेले. आणि १६१६ साली रायतूर येथे त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रोमन अक्षरांत मुद्रित झाले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ आपल्या वाचकांना नवा नाही. त्याची भक्ती आणि भाषा यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांला येथे त्यामागील शिक्षणाकडे पाहायचे आहे.

लॅटिन अलंकारांत मुरलेल्या या माणसाने मराठीत लिहिताना लॅटिन वृत्ते आणली नाहीत. ज्ञानेश्वर-एकनाथांनी रुजविलेली ओवी त्यांनी घेतली. पुराण हा प्रकारही त्यांनी येथलाच घेतला. नवख्रिस्ती लोकांना आपल्या पूर्वीच्या पुराणांसारखे काही वाचावयास हवे आहे, ही मागणी एका ब्राह्मण श्रोत्याच्या तोंडून ग्रंथारंभीच व्यक्त झाली आहे. स्वर्गासाठी त्यांनी ‘वैकुंठ’ म्हटले. मराठीची थोरवी सांगताना त्यांनी रत्ने, फुले, सुगंध, पक्षी, वृक्ष अशा एकेका वर्गातील श्रेष्ठ वस्तू पुढे मांडून उपमांची माळ गुंफली. संस्कृत अलंकारशास्त्रात हिला मालोपमा म्हणतात. इरॅस्मसच्या पुस्तकावर पोसलेल्या कोणत्याही शाळेत हिचे ‘समृद्धी’ म्हणून कौतुक झाले असते. दोन परंपरा एका प्रकरणात भेटल्या, आणि वाचणाऱ्याला जोड कोठे आहे हे कळतही नाही.

तो काळ सौहार्दाचा होता असे आम्ही सुचवीत नाही. पोर्तुगीज सत्तेखाली देवळे पाडली गेली, देशी ग्रंथ जप्त झाले व नष्ट झाले. हे विस्मरणात टाकून स्टीफन्स यांचा गौरव करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १६८४ साली तर व्हाइसरॉयच्या हुकुमाने स्थानिक भाषेच्या वापरावरच बंदी आली. ‘ख्रिस्तपुराण’ पुढे टिकले ते प्रामुख्याने हस्तलिखितांतून व लोकांच्या मुखातून. १९०७ मध्ये मंगळूर येथे जोसेफ सालढाणा यांनी ते पुन्हा छापले. हुकुमाने जे साधत नाही ते ऐकणाऱ्याच्या भाषेत शिरून साधते, हा वक्तृत्वशास्त्राचा पहिला धडा आहे. एका सत्तेने तो दुर्लक्षिला आणि त्याच सत्तेच्या छायेतील एका धर्मगुरूने तो आचरला.

शास्त्राचा संकोच

शास्त्र आटण्याची प्रक्रिया मात्र पूर्व व पश्चिम दोन्हीकडे झालेली दिसते. भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार आहेत. सोळाव्या शतकातील अप्पय्य दीक्षितांच्या ‘कुवलयानंदा’पर्यंत त्यांची संख्या शंभरावर गेली. दरम्यान नवव्या शतकात आनंदवर्धनाने काव्याचा आत्मा ध्वनी आहे, असे सांगून अलंकारांना त्यांची जागा दाखविली होती. तरीही पाठांतराला सोयीची म्हणून यादी वाढतच गेली. युरोपात सोळाव्या शतकात फ्रेंच पंडित पीटर रेमस याने विषयशोध आणि मांडणी ही अंगे तर्कशास्त्राकडे सोपविली. वक्तृत्वशास्त्राच्या वाट्याला मुख्यतः शैली उरली, आणि शैली म्हणजे अलंकारांची नावे असे समीकरण हळूहळू रूढ झाले.

असे असले तरी जुन्या आचार्यांचा विवेक आजच्या मार्गदर्शकांपेक्षा सूक्ष्म होता. ‘गवय गाईसारखा असतो’ या वाक्यात तुलना आहे, ‘सारखा’ हा शब्दही आहे. पण ही उपमा नव्हे, असे ते सांगत, कारण त्यात चमत्कृती नाही. आज मात्र ‘ती आईसारखी दिसते’ या वाक्यालाही विद्यार्थी बेधडक सिमिली म्हणतो. तुलनादर्शक शब्द दिसला की नाव लिहावे, असे त्याला शिकविलेले असते.

आणखी एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. खुद्द इंग्रजांनाही या संज्ञा एके काळी परक्याच होत्या. १५८९ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी काव्यकलेवरील ग्रंथात जॉर्ज पटनम यांनी ग्रीक नावांना घरगुती इंग्रजी नावे दिली. आयरनीला त्यांनी ‘कोरडी थट्टा’ म्हटले आणि मेटॅफरला ‘वाहतुकीचा अलंकार’. ग्रीक शब्दाचा अर्थ तोच आहे, पलीकडे वाहून नेणे. आजही ग्रीसमध्ये माल वाहणाऱ्या गाड्यांवर हाच शब्द रंगविलेला आढळतो. उर्दूतील ‘इस्तिआरा’चा मूळ अर्थ उसने घेणे, ‘तश्बीह’चा, साम्य दाखविणे. अकराव्या शतकात अब्दुल काहिर अल-जुर्जानी यांनी अरबीत या दोहोंची जी मीमांसा केली, तिचा वारसा फारसीमार्गे उर्दूकडे आला. आपल्या ‘रूपका’त रूप देण्याची कल्पना आहे. एक भाषा वाहून नेते, दुसरी उसने घेते, तिसरी रूप देते. पडघ्याच्या रस्त्यावरून दिवसरात्र मालमोटारी जाताना पाहणाऱ्या मुलाला मेटॅफर समजावून सांगणे यापरते सोपे काय असावे?

परीक्षेच्या वाटेने

मुंबई इलाख्यात इंग्रजी शिक्षण स्थिरावले ते एकोणिसाव्या शतकात. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्याच पहिल्या परीक्षेचे विद्यार्थी. या पिढीने इंग्रजी वक्तृत्वाचा उपयोग निवेदने लिहिण्यासाठी, सभेत बोलण्यासाठी आणि इतिहास मांडण्यासाठी केला. मराठीतही विचार चालू होता. कृष्णशास्त्री राजवाडे यांचा ‘अलंकारविवेक’ १८५३ मध्ये आला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ पासून चालविलेल्या निबंधमालेत वक्तृत्वावर स्वतंत्र निबंध लिहिला.

परंतु विद्यार्थी वाढले, उत्तरपत्रिका वाढल्या, आणि तपासण्यास सोपे तेच शिकविण्यास योग्य ठरले. एखादे रूपक श्रोत्यावर काय परिणाम करते याचे उत्तर दहा जण दहा प्रकारे देतील; अलंकाराचे नाव मात्र बरोबर तरी असते किंवा चूक तरी. शतकाच्या अखेरीस नेसफील्ड यांची व्याकरणे आली आणि १९३० नंतर रेन व मार्टिन यांचे पुस्तक घरोघरी पोचले. यांतील पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात काम केलेले आणि पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेले गृहस्थ. त्यांच्या पुस्तकात अलंकारांचे प्रकरण आहे: नाव, व्याख्या, उदाहरण, सराव. पुस्तक नेटके आहे आणि त्याने पिढ्या शिकविल्या, हे कृतज्ञतेने मान्य करावे लागेल. पण जमिनीच्या दाव्यातून निघालेला, ऑगस्टीन यांच्या प्रवचनातून आणि स्टीफन्स यांच्या ओवीतून वाहत आलेला प्रवाह या प्रकरणात येईपर्यंत केवळ कोष्टक झाला होता.

स्वातंत्र्योत्तर काळात इंग्रजीचे स्थान वरखाली होत राहिले. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासूनच इंग्रजी शिकविण्यास आरंभ झाला. अकरावीचे नवे ‘युवकभारती’ पुस्तक २०१९ मध्ये आणि बारावीचे २०२० मध्ये आले. त्यांत कवितेचे रसग्रहण आहे. अकरावीला नाटकाचा आणि बारावीला कादंबरीचा इतिहास आहे. भाषणलेखन आणि गटचर्चाही आहेत. म्हणजे रोमन पंडितांच्या पाच अंगांपैकी हरवलेली काही अंगे परत आली आहेत. ती वर्गात जिवंत होतात की तयार उत्तरांच्या पुस्तकांत बंदिस्त होतात, हा प्रश्न अभ्यासक्रमाने सुटणारा नाही.

घरातील धन

तो सुटेल तर मुलांच्या घरापासून. भिवंडी तालुक्यातील आगरी घरांत लग्नाचे धवले म्हणण्याचा मान धवलारणीचा. तेराव्या शतकात महानुभाव पंथातील महदंबेने रचलेले ‘धवळे’ हे मराठीतील एका स्त्रीचे आद्य काव्य मानले जाते. त्या काव्याचा आणि या विधिगीताचा जातिधर्म एकच, तो म्हणजे लग्नाचे गाणे. धवलारीण प्रत्येक चरणाच्या आरंभी तोच शब्द पुन्हा आणते, तेव्हा ती इंग्रजीच्या पुस्तकात ॲनाफोरा नावाने येणारी गोष्टच करीत असते. उखाण्यात यमक आहे, म्हणीत रूपक आहे, टोमण्यात आयरनी आहे. उर्दू घरातील शेरोशायरीत तश्बीह आहे. मुलाला वस्तू ठाऊक आहे. त्याला फक्त नाव सांगायचे आहे. आपण मात्र उलट करतो. नाव आधी देतो आणि वस्तू कधीच दाखवीत नाही.

उपमेचेच पाहा. उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि वाचक शब्द अशी तिची चार अंगे मराठी शाळेत शिकविली जातात. इंग्रजी समीक्षेत रूपकाच्या दोन अंगांना ‘टेनर’ आणि ‘व्हेइकल’ ही नावे आय. ए. रिचर्ड्स यांनी दिली ती १९३६ मध्ये. मराठी माध्यमाचा विद्यार्थी या वर्गात रिकाम्या हातांनी येत नाही. त्याच्या हाती अधिक जुनी आणि काही बाबतींत अधिक रेखीव अवजारे असतात. हे त्याला सांगणे हा अभिमानाचा प्रश्न नाही, शिकविण्याच्या पद्धतीचा आहे.

यात गुंतलेले काय आहे, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. ‘गोदामांनी गाव गिळले’ असे एखादा म्हणेल. ‘विकासाने गावाला पंख दिले’ असे दुसरा छापील पत्रकात लिहील. दोन्ही वाक्यांत अचेतनाला चेतन केले आहे, आणि परीक्षेत दोहोंना एकच उत्तर चालेल. पण गिळणे आणि पंख देणे यांत केवढे अंतर आहे! कोण बोलतो, कोणाला उद्देशून बोलतो, त्याला काय साधायचे आहे आणि त्याने कोणती गोष्ट झाकून ठेवली, हे प्रश्न विचारता आले तरच त्या संज्ञेचे ज्ञान झाले असे म्हणता येईल. ज्या परिसरात रस्ते, संपादन, मोबदला, हरकती आणि करार हे रोजच्या बोलण्यातील शब्द झाले आहेत, तेथे ही विद्या चैनीची नाही. सिराक्यूसच्या शेतकऱ्यांना तिची गरज ज्या कारणासाठी पडली, ते कारण आजही शिल्लक आहे. फरक इतकाच की, आजची कागदपत्रे आणि आश्वासने मराठीत येतात, इंग्रजीत येतात, आणि कधी कधी अशा भाषेत येतात की ती मराठी असूनही समजत नाहीत.

म्हणून आमची सूचना साधी आहे. मराठीच्या, उर्दूच्या आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी वर्षातून काही तास तरी एकत्र घ्यावेत. फळ्यावर एकच वाक्य लिहावे आणि त्यातील व्यापाराला तिन्ही भाषांतील नावे द्यावीत. मुलांनी घरून एक म्हण, एक उखाणा, लग्नातील एक ओळ, वर्तमानपत्रातील एक जाहिरात आणावी. इरॅस्मसच्या रीतीने एकच गोष्ट वीस प्रकारे सांगून पाहावी: आजीला, ग्रामसभेला, तहसीलदाराला, मित्राला. अलंकाराचे नाव शेवटी लिहावे. आपल्या शाळा, पॅरिश सभागृहे आणि अभ्यासिका यांनाही हे सहज करता येण्याजोगे आहे, आणि त्यासाठी कोणत्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

विंचेस्टरमध्ये शिकलेली विद्या एका माणसाने सासष्टीच्या लोकांच्या ओवीत नेऊन ठेवली. नेताना त्याने त्या लोकांची भाषा प्रथम शिकून घेतली. पडघ्याच्या मुलामुलींना आपण उलट दिशेने तेवढाच रस्ता चालायला सांगत आहोत. त्यांची भाषा आधी ऐकून घेणे हे त्यांच्या शिक्षकांचे आणि आपणा सर्वांचे काम आहे.